बघायचा खेळ

आमच्या घरात वरणात मीठ जास्त झालं तरी भांडण फिरून फिरून एकाच मुद्द्यावर यायचं: जो गेम खेळण्यापेक्षा बघावाच जास्त लागतो, त्याला गेम म्हणायचं की नाही? बाबा म्हणायचे, तोच खरा गेम. माझा मोठा भाऊ निकेश म्हणायचा, तो गेम नाहीच, गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. आई म्हणायची, पोळी घ्या. मी कुणाच्याच बाजूची नव्हते, पण जो हरायला लागेल त्याच्या बाजूनं बोलायची मला खोड, त्यामुळे दोघंही मला फितूर समजत.

सन दोन हजार पाच. आष्टीच्या बाजारओळीत आमचा हॉल होता. हॉल हे नुसतं नाव. होती टिनाच्या छपराची एक लांबट खोली. बाबांना गाव बंडूजी म्हणतं. नव्वदनंतरची काही वर्षं त्यांनी या खोलीत व्हिडिओ चालवला: एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर, खाली सतरंज्या आणि दिवसाचे तीन खेळ. तळेगावहून लोक सायकलींनी यायचे. मग घरोघरी केबल आली आणि लोक आपापल्या खाटेवर आडवे होऊन पिक्चर बघायला लागले. हॉलमध्ये उंदीर आणि बाबा एवढेच उरले. तेव्हा दादानं नागपूरहून व्हिडिओ गेमच्या मशिनी आणल्या, पाच टीव्ही मांडले, आणि शाळेतल्या पोट्ट्यांची झुंबड उडाली. मी बी.ए. करून घरी रिकामी होते, ती गल्ल्यावर बसले.

इथवर सगळं गोड होतं. पण दादाचा मित्र धीरज वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत राहायचा. त्यानं तिथं एक खोली हेरून ठेवली होती, जवळच कॉलेजच्या पोरांची होस्टेलं. आष्टीत पोट्टे शाळा सुटल्यावर येतात आणि परीक्षा आल्या की मायबाप त्यांना कान धरून घेऊन जातात. वर्ध्यात तसं नाही, तिथल्या पोरांचे मायबाप लांब असतात. दादाला मशिनी घेऊन नालवाडीला जायचं होतं. मशिनी त्याच्याच होत्या, त्याला अडवणारं कुणी नव्हतं. पण बाबांनी तोंडानं हो म्हटल्याशिवाय तो निघणार नव्हता, आणि बाबा ना हो म्हणत होते ना नाही. विषय निघाला की ते गेमवर घसरायचे. म्हणजे गेमचं भांडण हे खरं तर नालवाडीचं भांडण होतं. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं, शेजारच्या शिंप्यालासुद्धा माहीत होतं. फक्त भांडणाऱ्या दोघांना माहीत नव्हतं.

आता तो गेम. दादा नागपूरहून डुप्लिकेट सीड्यांचा गठ्ठा आणायचा. त्यांच्यावर नाव नसायचं, मार्करनं टाकलेला नंबर असायचा. क्रिकेट चार नंबर, गाड्यांची शर्यत नऊ, मारामारी अकरा. बावीस नंबर गठ्ठ्यात चुकून आला. लावला तर पडद्यावर जपानी अक्षरं. मग समुद्र, मग डोंगर, मग निळ्या केसांचा एक पोरगा कड्यावर उभा, वारा सुटलेला आणि मागून बासरी. पोट्टे हातात रिमोट धरून तयारीत बसले. (बटणांच्या त्या खोक्याला आमच्याकडे रिमोटच म्हणत.) निळ्या केसांचा पोरगा वळला, एका म्हाताऱ्याशी बोलला, रडला, पुन्हा समुद्राकडे बघत उभा राहिला. पोट्ट्यांचा वेळ संपत आला तरी बटण दाबायची पाळी काही येईना.

"निकेशभौ, हा गेम खराब हाय! हालूनच नाई राह्यला!"

दादानं सीडी काढून अकरा नंबर लावला. दारात बाबा उभे होते. ते कधी आले, कुणालाच कळलं नव्हतं.

"थेच लाव परत," ते म्हणाले.

"काऊन?"

"त्या पोट्ट्याले काय दुःख हाय थे पायचं हाय मले."

त्या दिवसापासून कोपऱ्यातला टीव्ही बाबांचा झाला. अडचण एकच होती. बाबा रिमोटला हात लावायला तयार नव्हते. "ऑपरेटरनं पिक्चरमंदी हात घालू नाई," असं त्यांचं तत्त्व होतं. मग बटणं दाबायला शेजारचा शिंपी चंदन आला. लग्नसराई नुकतीच संपली होती, मशीन चालवून त्याचे पाय थकले होते पण बोटं रिकामी होती. चंदन बटणं दाबायचा आणि बाबा टीव्हीशेजारी उभं राहून अर्थ सांगायचे. व्हिडिओच्या काळात इंग्रजी पिक्चर लागला की ते असंच करायचे. अर्थ त्यांना तेव्हाही कळत नसे, पण त्यामुळे त्यांचं काही अडल्याचं मला आठवत नाही.

निळ्या केसांच्या पोराचं नाव त्यांनी ठेवलं रूपराव. का, तर रूप आहे म्हणून. तलवारवाली पोरगी कोकिळा, कारण तिचा आवाज बारीक. रूपरावाला लहानाचं मोठं करणारा तो दाढीवाला म्हातारा हरिदास. पडद्यावर म्हातारा जपानीत तावातावानं काही बोलला की बाबा त्याच तावात सुरू व्हायचे, "रूपराव, तू पयले दोन घास खाऊन घे. लढाई कुठी पळून चालली?" आणि गंमत अशी की पुढच्याच क्षणी रूपराव खरंच काहीतरी खायला बसायचा. बाबा आमच्याकडे असे बघायचे, जणू जपानी कंपनीनं त्यांना विचारूनच गेम बनवला.

चंदनच्या दुकानात ब्लाउज न्यायला आलेल्या बाया त्याला शोधत हॉलमध्ये येऊ लागल्या, आणि आल्या की उभ्याच राहायच्या. रुख्माबाई नावाची एक बाई तर ब्लाउज मिळाल्यावरही दुसऱ्या दिवशी आली. "बाह्या ढिल्या झाल्या," म्हणाली, आणि कोकिळेचं जमलं का ते बघून, बाह्या तशाच ठेवून घरी गेली.

मग मध्यंतराचं प्रकरण झालं. चंदननं सकाळपासून खपून रूपरावाला जंगलाच्या पार नेलं होतं, सात तोंडांचा एक राक्षस मारला होता, घामानं त्याचा सदरा भिजला होता. राक्षस कोसळला, बासरी वाजली, आणि बाबा टाळी वाजवून म्हणाले, "मध्यंतर! चहा घ्या, बाहेर जाऊन या." आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

चंदनचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. सेव्ह म्हणून काही करावं लागतं, हे त्याला माहीत होतं, पण मशीन रात्रीही चालूच राहायची म्हणून त्यानं आजवर ते केलं नव्हतं, राक्षस मेल्यावर करणार होता. राक्षस मेला होता, आणि त्याच्या पाठोपाठ सगळंच गेलं होतं. जंगल गेलं, तलवार गेली, कोकिळेची ओळखही गेली.

"काका, तुमी हे काय केलं!"

"अबे, व्हीसीआर बंद केला का टेप तिथंच राह्यते," बाबा म्हणाले. "तुयी मशीन खराब असन तं मी काय करू?"

दादा हसून हसून सतरंजीवर लोळला. कितीतरी दिवसांनी तो बाबांसमोर तसा हसला होता. बाबांनी मात्र शेवटपर्यंत चूक कबूल केली नाही. त्यांचं म्हणणं, ज्या गोष्टीत माणसाला लघवीला जायची सोय नाही ती गोष्ट जपानी असो की कुठलीही, अपुरी आहे. चंदन दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी आला आणि पहिल्यापासून सुरू झाला. आता बाबा त्याला दर थोड्या वेळानं आठवण करून द्यायचे, "सेव कर बे, मले चहा पायजे."

आणि वादाचा खरा दिवस उजाडला. नानाजी आले होते. नानाजी धान्याचे व्यापारी, आणि आष्टीत कुणाचाही वाद असो, पंच म्हणून बोलावण्याआधीच हजर. दादानं त्यांच्यापुढं फिर्याद मांडली.

"नानाजी, पाचातला एक टीव्ही बाबानं अडवून ठेवला. पोट्टे बाहेर उभे राह्यतात. हा गेम नाई, पिक्चर हाय. पिक्चर पायचं तं घरी पाहा म्हना."

"पिक्चरमंदी चंदननं बटन दाबलं का हिरो चालते का?" बाबांनी विचारलं.

"घंट्यातून एकदा चालते! बाकी टाइम बोलूनच राह्यला."

"मानूस बोलते जास्त अन् चालते कमी. तुया अकरा नंबरमंदी कोन कोनाले काऊन मारून राह्यला, थे मालूम हाय का तुले?"

"मालूम कायले पायजे? मारायची मजा हाय."

"आयका नानाजी," बाबा म्हणाले. "दोघं जन येतात, राम राम नाई का काई नाई, अन् देतात एकमेकाले. अरे, वावराच्या धुऱ्याचं भांडन हाय का भावकीचं, एवढं तरी सांग न बाप्पा!"

हे नानाजींना पटलं. त्यांनी गळा साफ केला. "निकेश, तू खेळ हा शबूद पाय. तुया बापाचा व्हिडिओ होता तवा आपन काय म्हनत होतो? सहाचा खेळ, नऊचा खेळ. दंडारीतली सोंगं उभी राह्यली तरी म्हनते, आज गावात खेळ हाय. डोंबारी आला तरी खेळच. मंग लोक जे बघते त्यालेच खेळ म्हनते. झाला निकाल."

"अन् कबड्डी?" दादा म्हणाला.

"कबड्डी चौदा जन खेलते अन् सारं आष्टी बघते."

"बघनाऱ्याले धाप लागते का? गुडघे फुटते का? ज्याचे फुटते त्याचा खेळ. बाकीच्याचा टाइमपास."

बाबा हरायला लागले होते, म्हणून मी त्यांच्या बाजूनं काही बोलणार तेवढ्यात ते स्वतःच म्हणाले, "तू दिवसभर अकरा नंबर खेलते, तुये कोनचे गुडघे फुटले? दाखव बरं!" बाया हसल्या आणि पारडं फिरलं. मग मला दादाची बाजू घ्यावी लागली.

"बाबा, पिक्चरमंदी तुमी झोपी गेले तरी पिक्चर पुढं जाते. गेममंदी तुमी झोपले तं रूपरावबी उभ्या उभ्या झोपते. एवढा तरी फरक माना."

"मानला न," बाबा म्हणाले. "म्हनून तं मी चंदनले झोपू नाई देत."

सगळे खो खो हसले. दादा हसला नाही. "नालवाडीले असला कारभार नाई चालनार," तो पुटपुटला.

"नालवाडीचा इथी काय संबंध?"

"काईच नाई."

दोघंही भिंतीकडे बघायला लागले. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. नानाजींनी निकाल पुढच्या बैठकीवर टाकला आणि चहा न पिता गेले, यावरून काय ते समजा.

त्यानंतर आठवड्याभरात रूपराव लोखंडी दारापाशी पोचला, आणि तिथं सगळा गाडा अडला.

झालं होतं असं. डोंगराच्या पोटातून बाहेर पडायचं एक भलंमोठं दार होतं, ते वरून खाली येत होतं. हरिदास म्हाताऱ्यानं ते खांद्यावर पेललं. पाय थरथरताहेत, छपरातून दगड पडताहेत, आणि तो रूपरावाकडे बघून काही बोलतो. कोपऱ्यात फुलीचं चिन्ह लुकलुकतं. फुलीचं बटण दाबलं की रूपराव दाराखालून सरपटत बाहेर. नाही दाबलं तर दार दोघांवर पडतं, पडदा लाल होतो, आणि गेम थोडा मागं जाऊन पुन्हा दारापाशी येतो. बटण दाबलं की रूपराव सुटणार, पण म्हातारा आत राहणार, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

"दाबू का, काका?" चंदननं विचारलं.

"थांब," बाबा म्हणाले. आणि हरिदासच्या आवाजात सुरू झाले, "थांब रूपराव, घाई नोको करू! कायतरी मारग निघन!"

दार पडलं. पडदा लाल झाला.

पुढचे कितीतरी दिवस हेच चाललं. चंदननं सगळी बटणं दाबून पाहिली. दगड आणून दाराखाली लावता येतो का, कोकिळेला हाक मारता येते का, म्हाताऱ्याला ओढता येतं का. "कंपनीनं कायतरी सोय केली असन," बाबा म्हणायचे. "लहानाचं मोठं केलं त्या मानसानं. त्याले असं कोन सोडते?" गावात दोन तट पडले. रुख्माबाईचं मत, दोघांनी आतच राहावं, डोंगरात पाणी असतं. चंदनचं मत त्यालाच कळेनासं झालं होतं. त्यानं एका गिऱ्हाइकाच्या पँटला चार खिसे मागच्याच बाजूनं लावले. आणि बाबा दर वेळी म्हाताऱ्याच्या तोंडून तेच म्हणायचे: थांब रूपराव.

दादा वर्ध्याला गेला होता, तिथून तो इंटरनेटवर बघून आला. "बाबा, सोय नाई. हरिदास मरतेच. गेम तसाच बनवला."

बाबांनी पडद्यावरची धूळ हातानं पुसली. मग म्हणाले, "मंग बनवनाऱ्याले बाप नसन."

त्याच वेळी दादानं सांगून टाकलं की नालवाडीच्या खोलीसाठी दुसरं गिऱ्हाईक आलं आहे. घरमालक थांबायला तयार नाही. बाजाराच्या दिवशी धीरज टेम्पो घेऊन येईल. बाबा हो म्हणाले तर टेम्पोत मशिनी जातील, नाही म्हणाले तर धीरज संत्री भरून परत जाईल, आणि मग दादा पुन्हा हा विषय काढणार नाही. बाबा म्हणाले, "पाहू," आणि सतरंजी झटकायला लागले.

बाजाराच्या दिवशी हॉल सकाळपासून भरलेला. बाजारात आलेले लोक पिशव्यांसकट उभे. धीरज दुपारी आला, टेम्पो दारात लावून आत डोकावला, आणि त्यानं दादाला भुवईनं विचारलं. दादानं खांदे उडवले. बाबा कोपऱ्यातल्या टीव्हीपाशी उभे होते. त्यांनी धीरजला बघितलं होतं, पण बघितलं नाही असं दाखवायचं होतं, म्हणून ते जरा जास्तच मोठ्यानं अर्थ सांगत होते. दार पुन्हा खाली यायला लागलं. म्हाताऱ्यानं खांदा दिला.

"थांब रूपराव! मारग निघन!"

लाल पडदा. नानाजी म्हणाले, "बंडू, दाबू दे न आता. बाजार उठते." बाबांनी ऐकलं नाही. पुन्हा दार. पुन्हा थांब रूपराव. चंदननं रिमोट खाली ठेवला. "काका, मले नाई होत आता," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि शिंपी रडतो हे बघून मागच्या रांगेतल्या एका बाईनं उगाच पदर डोळ्याला लावला. मला बाबांचा राग येत होता आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटत होती, दोन्ही एकाच वेळी.

एवढ्यात आई आली. यशोदाबाई, म्हणजे माझी आई, आजवर कधी हॉलमध्ये पाच मिनिटं थांबली नव्हती. ती धीरजसाठी भाकरी घेऊन आली होती. टेम्पोत काय भरायचं ते नंतर ठरलं तरी ड्रायव्हर उपाशी जाऊ नये, हा तिचा हिशेब. गर्दीतून वाट काढत ती पुढं आली. पडद्यावर दार खाली येत होतं.

"थांब रूपराव, घाई नोको..." बाबांनी सुरुवात केली.

"अवं, निकेशचे बाबा," आई म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं, ना रूपराव, ना कोकिळा. ती फक्त पडद्याकडे बघत होती. "तो म्हातारा तं हातानं हाकलून राह्यला त्याले. डोळे पाहा न त्याचे. निघ म्हनते तो. तुमी त्याच्या तोंडात भलतंच काऊन घालून राह्यले?"

दार पडलं. पडदा लाल झाला.

खरंच की. म्हाताऱ्याचा एक हात दाराला होता, आणि दुसरा हात तो पहिल्या दिवसापासून हलवत होता, बाहेरच्या बाजूला, जनावराला वाड्याबाहेर काढतात तसा. ते आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा बघितलं होतं. पण बाबा थांब म्हणत होते, म्हणून आम्हाला थांब दिसत होतं.

बाबा खाली बसले. चंदनच्या शेजारी, सतरंजीवर, मांडी घालून. त्यांनी चंदनपुढचा रिमोट उचलला आणि उलटासुलटा करून बघितला.

"कोनचं बटन?" त्यांनी विचारलं.

कुणाला विचारलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण दादा पुढं आला. तो बाबांच्या बाजूला गुडघ्यावर बसला, त्यांचा अंगठा धरून फुलीवर ठेवला. "हे. एकदाच दाबा. जोरानं नाई."

"मले मालूम हाय," बाबा म्हणाले. त्यांना काही मालूम नव्हतं.

दार खाली यायला लागलं. हरिदासनं खांदा दिला. दगड पडत होते. त्यानं रूपरावाकडे बघितलं, ओठ हलले, आणि या वेळी सगळा हॉल बाबांच्या तोंडाकडे बघत होता. दार आणखी खाली आलं. आमच्याकडे घरातून निघालेल्या माणसाला कुणी जा म्हणत नाही, जीव गेला तरी म्हणत नाही. त्यासाठी आमच्याकडे दुसरा शब्द आहे, पुन्हा ये असं सांगणारा, आणि तो शब्द बाबा महिनाभर गिळून बसले होते.

"येजो, बापू," बाबा म्हणाले.

तो हरिदासचा आवाज नव्हता. बाबांचा होता, आणि म्हणताना ते पडद्याकडे नाही, दादाकडे बघत होते. अंगठा दाबला गेला. रूपराव सरपटत दाराखालून निघाला, दार धाडकन पडलं, आणि या वेळी पडदा लाल झाला नाही. उजेड आला. समोर उतार, गवत, लांबवर एक गाव, आणि उताराच्या टोकाला रूपराव एकटा, आमच्याकडे पाठ करून. बासरीसुद्धा वाजली नाही.

लोक उभेच. नानाजींनी टोपी काढून पुन्हा घातली. धीरज दारात भाकरीचा घास हातात धरून थांबला होता. रूपराव काही हलेना.

"अबे, आता बाहेर पडला नं तो," बाबा म्हणाले. "मंग उभा काऊन हाय?"

"कोनी चालवल्याशिवाय नाई चालत, बाबा," दादा म्हणाला.

बाबांनी रिमोट त्याच्या हातात दिला. "मंग चालव न. कोनाची वाट पायते?"

दादाला पडदा दिसत नव्हता, त्याचे डोळे गळत होते. तरी त्यानं अंगठा पुढं दाबला, आणि रूपराव उतारावरून चालायला लागला.